बारा मिलिमीटर

मुंबईत गिरणी म्हटलं की लोकांना सूत आठवतं.
आमची दळायची.
शिवडीला, गोदीच्या मागच्या रस्त्यावर,
मँगनीजचा दगड गिळून काळा चिखल ओकणारं
एक आडवं पिंप, दोन पुरुष उंच,
पोटात सात टन गोळे.

आत पोलादाचे लायनर होते तेव्हा
समोरच्या चहावाल्याशी आम्ही हातांनीच बोलायचो.
दोन बोटं म्हणजे कटिंग,
मूठ म्हणजे उधार.
पास्कल तुस्कानो, वसईचा, आमचा फिटर,
लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवून
दांडा कानामागच्या हाडाला लावायचा
आणि सांगायचा : माल कमी पडतोय.
नाहीतर : तिसऱ्या रांगेत बोल्ट सैल आहे,
उद्या पाणी गळेल.
गळायचं.
एक कान त्याचा केव्हाच गेला होता.
उरलेल्यावर गिरणी चालायची.

रबर आलं ते टेम्पोतून, दिवाळीच्या बंदात.
काळ्या लाद्या, काळ्या पट्ट्या, वास नव्या चपलेचा.
वाडकर साहेबांनी नख दाबून पाहिलं.
नख उमटलं, मिटलं.
पास्कल म्हणाला, हे दगडाशी लढणार?
रबर कंपनीची नाडकर्णी नावाची पोरगी
डोक्यावरचं हेल्मेट सावरत म्हणाली,
लढायचंच नाही काका त्यानं.
मार पडला की थोडं आत जायचं,
मग परत जागेवर.
पास्कलनं विडी बुटाखाली विझवली
आणि कितीतरी वेळ बूट उचलला नाही.

पोलादाची एक लादी बसवायला
चेनपुली, आठ जण आणि मोजून शिव्या लागत.
रबराची आम्ही दोघांनी उचलली,
पाहुण्यांची गादी उचलावी तशी.
आठातले पाच जण पुढच्या पगाराला दिसले नाहीत.
हजेरीबुक बदललं, म्हणून इथे लिहून ठेवतो :
बाबू शिंगरे, मोमीन बंधू दोघे, लक्ष्मय्या,
आणि एक, ज्याला सगळे काडी म्हणायचे.

मोटर सुरू केली.
गिरणी फिरली आणि, काय सांगू,
ओल्या गोणीवर ओली गोणी पडावी
तसं धप, धप, धप.
चहावाल्याचा रेडिओ ऐकू आला.
त्याच्याकडे रेडिओ आहे हे अकरा वर्षांत
पहिल्यांदा कळलं.
पास्कलनं स्क्रूड्रायव्हर टेकवला.
जागा बदलली. परत बदलली.
मग दुसरा कान लावून पाहिला, गेलेला.
काहीच बोलत नाही ही, म्हणाला.

जात्यातले रडतात, सुपातले हसतात.
जात्याला आतून चिकटून जे मार खातं
त्याला कुणी म्हणीत घेतलं नाही.

आता दर तीन महिन्यांनी गिरणी थांबवून
मीच आत शिरतो, बॅटरी दातात धरून.
साठ मिलिमीटरनं सुरुवात असते.
मग एक्केचाळीस. मग बावीस.
कॉलर झिजते तसं झिजतं, घडीवर आधी.
पंधराला काढायचं असतं,
वाडकर साहेब बारापर्यंत कळ काढतात.

गेल्या महिन्यात पास्कल आला,
भाच्याच्या होडीला कडेनं बांधायला
एखादी जुनी पट्टी मिळेल का विचारत.
धक्क्यावर आपटून फळ्या सुटतात म्हणाला.
मी विचारलं, किती लांब हवी?
पुन्हा विचारलं, ओरडून.
त्यानं दोन बोटं दाखवली.
चहा आला.
पट्टीत रुतलेला एक खडा
तो नखानं उकरत बसला होता, निघेना.
मग तसाच राहू दिला, पट्टी खांद्यावर टाकली
आणि फाटकापाशी वळून
मला मूठ दाखवली.

गेटपासवर मी लिहिलं :
रबर, जुनं, एक नग.
जाडीचा रकाना त्यात नसतो.